शिशापासून जपावे

“काका, ‘लेड’च राहू द्या ना,” तायडे मॅडम म्हणाल्या. “शाळेत मुलं तेच म्हणतात.”

तोवर मी तो शब्द लाल शाईनं खोडला होता. एकदा नाही, पाच ठिकाणी. कागद माझ्या मांडीवरच्या पुठ्ठ्यावर होता आणि मॅडम आमच्या ओट्यावरच्या स्टुलावर अवघडून बसल्या होत्या. त्या कॉलनीतल्या शाळेत विज्ञान शिकवत. वय तिशीच्या आतलं. त्या वर्षी अकोल्यात आमच्या भागात घरोघरी भिंतीवरचे चपटे टीव्ही येऊ लागले होते आणि जुने, मागं कुबड असलेले टीव्ही भंगारात निघत होते. ते फोडले-जाळले की काय काय विष बाहेर पडतं याचं मॅडमनी एक पत्रक लिहिलं होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शाळेच्या मैदानात नागपूरहून गाडी येणार होती. तिच्यात जुने टीव्ही द्यावेत, भंगारात देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्रक छापण्याआधी नजरेखालून घाला, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

मी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पाठ्यपुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका, निवडणुकीचे जाहीरनामे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. अजून मला कोणीतरी कागद दाखवायला येतं याचंच मला अप्रूप वाटलं होतं.

“मराठी पत्रकात मराठी शब्द नको का?” मी म्हणालो. एरवी मी असं कोणाला म्हणत नाही. समोरच्याकडे बघून बोलायचं तर माझ्या तळहाताला घाम येतो. पण लाल पेन हातात असलं की मी वेगळाच माणूस होतो, असं माझी बायको नलू म्हणते.

“मग ‘शिसे’ करू? शिसेचे प्रमाण जास्त असते, असं?”

“शिसेचे नाही. शिशाचे. ससा, सशाचे, पैसा, पैशाचे, तसं शिसे, शिशाचे. सामान्यरूप होतं ते.”

नलू चहा घेऊन दारात उभी होती. “लिहून घ्या, मॅडम,” ती म्हणाली. “आमच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा यांनी माझ्या वडिलांना तीन चुका काढून पाठवल्या होत्या. त्यातली एक माझ्या नावात.”

“ती चूकच होती,” मी म्हणालो. “नलिनीमधली लि दीर्घ छापली होती.”

“वडील म्हणाले होते, मुलगा बोलत नाही म्हणून दिली, तर हा लिहून बोलतो.”

मॅडम हसल्या. मग कागद हातात घेऊन त्यांनी पुन्हा एकदा वाचला. “लोकांना कळेल ना पण, काका?”

“शुद्ध असलं की कळतं,” मी म्हणालो.

पत्रक छापून आलं. हिरव्या कागदावर, ठळक टाइपात. त्याच्या शेवटच्या ओळी मला आजही तशाच दिसतात: ‘जुन्या टीव्हीच्या काचेत व जोडकामात शिशाचे प्रमाण मोठे असते. शिशापासून लहान मुलांना जपावे. शिशाचे तुकडे वा चुरा उघड्यावर टाकू नये.’ एकही चूक नव्हती. मी तीनदा पाहिलं.

त्याच आठवड्यात आमच्या कौस्तुभनं पुण्याहून नवा टीव्ही पाठवला. जुना तो चौथीत असताना घेतला होता. चालत होता तसा, पण माणसांचे चेहरे हिरवे यायचे, आणि डाव्या अंगाला थाप मारली की पिवळे व्हायचे. नलू मालिका बघायची आणि मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. माणसाला आजार झाल्यासारखा त्या टीव्हीचा रंग बदलला तर मला फारसं काही वाटत नव्हतं. कौस्तुभला मात्र वाटायचं. “बाबा, हे काय ठेवलंय अजून,” असं दर सुट्टीला म्हणायचा.

दुकानाच्या माणसांनी नवा भिंतीवर लावला आणि जुना दोघांनी धरून ओट्यावर आणून ठेवला. मी त्याच्यावर जुनी चादर घातली.

“हे इथं किती दिवस?” नलूनं विचारलं.

“गाडी येईपर्यंत. तीन आठवडे.”

“दिवाळीत? भाऊबीजेला माझे भाऊ येणार. दारात प्रेत झाकून ठेवल्यासारखं दिसतंय.”

“पत्रकात आपणच लिहिलंय, नलू. भंगारात देऊ नका म्हणून.”

“तुम्ही कुठं लिहिलं? तुम्ही काना-मात्रा लावल्या.”

चौथ्या दिवशी जैतुनबी आली. आमची रद्दी आणि भंगार वर्षानुवर्षं तीच न्यायची. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत राहायची. साठीची, काटक, नाकात चमकी. आमच्या कपाटातली पुस्तकं पाहून पहिल्या दिवसापासून तिनं मला गुर्जी केलं होतं. मी मास्तर नाही हे दोनदा सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

त्या दिवशी तिच्याबरोबर नात होती. सायमा. चार वर्षांची. तिचे आई-बाप वीटभट्टीवर कामाला बाहेरगावी होते आणि भट्टीवर लेकरू आजारी पडतं म्हणून हिला आजीजवळ ठेवून गेले होते. पोरीचा रंग उतरलेला, केस तांबूस, पण तोंड सारखं चालू. ओट्यावर चढल्या चढल्या तिनं मला विचारलं, “तुमी एवढे बुडे कायनं झाले?”

“वाचून वाचून,” नलू आतून म्हणाली.

“गप वो,” जैतुनबीनं पोरीला दटावलं. मग नलूला म्हणाली, “बाई, हिच्या पोटात लय दुखून राह्यलं. दोन-दोन दिवस झाड्याले होत नाही. माती खाते, चुना खाते. जंताची दवा देली, काही फरक नाही. भट्टीवरून लेकीनं निरोप धाडला, अम्मी, पोरगी ईदपर्यंत चांगली करून दे. आता मी कुठून करून देऊ? अमानत हाय न हे माह्याजवळ.”

नलूनं सायमाला गूळ आणि दाणे दिले. जैतुनबीनं चादरीचं टोक उचलून पाहिलं.

“गुर्जी, हा डब्बा मले देऊन द्या.”

“हा शाळेत द्यायचाय,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

“तेच तं. साऱ्या कालनीचे डब्बे शाळेत जाऊन राह्यले. ते कागद वाटला न हिरवा, तवापासून. मंग आमी काय उचलावं? पेपर अन् खोके? याच्यात तांबं रायते, गुर्जी. मी काही याच्यात पिच्चर नाही पाहत.”

पत्रक तपासलं तेव्हा जैतुनबीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी शब्दांचा विचार करत होतो. आत नलू तळणीचा झारा आपटत होती, म्हणजे ती ऐकत होती.

“नेतेस तर ने,” मी म्हणालो. “पण एक ऐक. हे वाचून दाखवतो.”

मी आतून पत्रक आणलं आणि उभ्यानं तिला शेवटच्या तीन ओळी वाचून दाखवल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ते वाचलं की आपण दिलेलं भंगार भंगार राहणार नाही, असं काहीतरी मला वाटत असावं.

“शिशापासून लहान मुलांना जपावे,” मी म्हणालो.

“हो तं,” जैतुनबी म्हणाली. “तेवढं समजते मले. हिले हात लावू देत नाही मी शिशाले.”

सायमा तोवर चादरीखाली शिरली होती. बंद पडद्याला नाक लावून तिनं जीभ बाहेर काढली आणि पडद्यावर थापटी मारली. “शिशा,” ती म्हणाली. “दादी, शिशा.”

मला बरं वाटलं. पोरीनं माझा शब्द उचलला, असं मी नलूला रात्री जेवताना सांगितलंसुद्धा.

दिवाळी झाली. गाडी आली आणि गेली. मॅडमना अपेक्षा होती त्याच्या अर्धेही टीव्ही जमले नव्हते. आमचा टीव्ही कुठं आहे हे त्यांनी मला विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास जैतुनबी रद्दीला आली तेव्हा तिनं पिशवीतून तो हिरवा कागद काढला. घडीवर फाटला होता. तिनं मागून पीठ लावून कागदाची पट्टी चिकटवली होती.

“गुर्जी, तुमच्या कागदावर लिवलं तसंच करून राह्यलो आमी. माह्या मोहल्ल्यात साऱ्यांले सांगितलं मी. पण माह्यं कोण आयकते. तुमी एक डाव येऊन वाचून दाखवा न. शिकेल माणसाचं आयकतात.”

मला आजवर कोणी कुठं बोलायला बोलावलं नव्हतं. छापखान्याच्या निरोप समारंभातही मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो होतो. मी नलूकडे पाहिलं.

“जा की,” ती म्हणाली. “इस्त्रीचा सदरा घाला.”

“पोरगी कशी आहे?” तिनं जैतुनबीला विचारलं.

“तशीच वो बाई. आता बोलतबी कमी. पयले तोंड बंद होत नव्हतं तिचं.”

पुढच्या रविवारी सकाळी मी गेलो. रूळ ओलांडून पलीकडे उतरलं की बाभळी, मग वस्ती. जैतुनबी रस्त्यावर येऊन उभी होती. तिनं मला आधी घराकडे नेलं नाही. “पयले हे पाहा,” म्हणत ती मला वस्तीमागच्या पडक्या विहिरीकडे घेऊन गेली. विहीर कोरडी, कठडा ढासळलेला. वरून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून तोंड बंद केलं होतं. तिनं काठीनं काटे बाजूला केले आणि मला वाकून बघायला सांगितलं.

खाली काच होती. जाड, करड्या काचेचे मोठमोठे तुकडे, नळकांडी, फुटलेले पडदे.

“एकबी शिशा बाहेर नाही, गुर्जी,” ती म्हणाली. “पयले नाल्याच्या कडंनं पडून राहे. लेकरं चप्पल नाही घालत. आता साऱ्या मोहल्ल्याचा शिशा इथं. बारा डब्ब्यांचा. तुमचाबी हायेच.”



“शिशा म्हणजे?” मी वाकूनच विचारलं.

“काच न, गुर्जी. तुमीच तं लिवलं. शिशाचे तुकडे उघड्यावर टाकू नका. म्हून विहिरीत टाकले. शिशापासून लेकरांले जपा. तं हिले मोजे शिवले मी, पायाले.”

मी सरळ झालो तेव्हा मला समोर हातपंप दिसला. विहिरीपासून वीस पावलांवर. एक बाई कळशी भरत होती.

काचेतही शिसं असतंच, मी मनाशी म्हणालो. म्हणजे अगदीच काही चुकलं नाही. हे वाक्य मी पुन्हा एकदा म्हणालो. मग तिच्या मागं घराकडे चालायला लागलो.

तिच्या घरापुढं पत्र्याचं छप्पर होतं. खाली तीन दगडांची चूल आणि तिच्यावर जुना लोखंडी तवा. तव्यावर टीव्हीच्या आतली हिरवी पाटी उलटी ठेवली होती, बारीक बारीक भाग लावलेली. तापली की जैतुनबी ती सांडशीनं उचलायची आणि दगडावर आपटायची. भाग सुटून पडायचे आणि त्यांना चिकटवणाऱ्या धातूचे चकचकीत थेंब उडायचे. गोड, जळकट वास होता. आपटून झालं की ती थेंब गोळा करून डालड्याच्या डब्यात टाकायची. त्याच तव्यावर भाकरी भाजत होती की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही.

चुलीशेजारी, पायात गोधडीच्या कापडाचे जाड मोजे घालून, सायमा बसली होती. काचेपासून जपलेली. तिच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेले करडे, मऊ मणी होते. आजीनं थेंब ठोकून, भोकं पाडून केलेले. त्यातला एक तिच्या तोंडात होता. दातांनी दाबून ती मला बघत होती. मला ओळखल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“हे? हे रांगा,” जैतुनबी म्हणाली. “जोडकाम रायते न आतलं, त्याचा. याले काही नाही होत. नरम रायते, लागत नाही, कापत नाही. तेवढाच खेळ तिले.”

आता ज्याला कोणाला हे वाचताना वाटेल की त्या क्षणी मी काय ते बोललो असणार, त्याला मी दोष देत नाही. मलाही त्यानंतर अनेकदा तसं वाटलं आहे. शब्द माझ्या तोंडाशी होता. शिसं म्हणजे काच नाही, जैतुनबी, शिसं म्हणजे हेच. एवढंच. पण छपराखाली चटई अंथरली होती आणि चटईवर दहा-बारा माणसं येऊन बसली होती. माझ्यासाठी एक खुर्ची होती आणि खुर्चीवर धुतलेला टॉवेल. जैतुनबीनं तो हिरवा कागद माझ्या हातात दिला.

“गुर्जी, वाचा.”

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘शिशाचे प्रमाण मोठे असते’ इथं आलो तेव्हा चारपाच माना हलल्या. ‘शिशापासून लहान मुलांना जपावे’ इथं सगळ्या हलल्या.

मागं बसलेला एक माणूस, त्याला सगळे बशीरभाई म्हणत होते, हसून म्हणाला, “शिशा लागला तं खून निघते, हे लेकरालेबी मालूम हाय. याच्यात नवीन काय हाय, गुर्जी? हे सांगाले रेल्वे वलांडून आले?”

माणसं हसली.

“तू गप बस,” जैतुनबी म्हणाली. “शिकेल माणूस सांगून राह्यला. त्याले कायतरी मालूम असन म्हून सांगते न.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला बोलायला तेवढी जागा त्या दोघांनी करून दिली होती. मी कागदाकडे पाहिलं. शब्द बरोबर होता. कोणत्याही मुद्रितशोधकानं तोच केला असता. मी जर म्हणालो असतो की तुम्ही समजलात ते चूक, तर कोणीतरी विचारलं असतं, मग असं लिहिलं कायले? आणि जैतुनबी त्या माणसांसमोर माझ्याकडे बघत राहिली असती.

“जपा म्हणजे झालं,” मी म्हणालो.

निघताना मी तिला बाजूला घेतलं. “ते मणी,” मी म्हणालो, “तिला तोंडात घालू देऊ नकोस.”

“हो न. थुकीनं घान होते सारं,” ती म्हणाली आणि पोरीच्या तोंडातून मणी ओढून पदरानं पुसला. पुसून पुन्हा तिच्या गळ्यात सोडला.

मी रूळ ओलांडून घरी आलो.

“कसं झालं भाषण?” नलूनं विचारलं.

“बरं झालं.”

दुपारी मी कोश काढला. शिसे: एक मऊ, जड धातू. शिशा: आरसा, काच, बाटली. दोन्ही शब्द एकाच पानावर होते, बोटभर अंतरावर. चौतीस वर्षं तो कोश माझ्या टेबलावर होता.

मॅडमना तोंडानं सांगणं मला जमेना, म्हणून मी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या पत्रात चूक माझी नाही असं दिसत होतं, ते फाडलं. दुसऱ्यात मी फारच रडत होतो, तेही फाडलं. तिसऱ्यात ‘गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले’ असं एक वाक्य होतं. ते मी चार वेळा बदललं. एक दिवस ‘निदर्शनास’, एक दिवस ‘लक्षात’. असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी पत्र खिशात घालून शाळेत गेलो आणि मधल्या सुट्टीत मॅडमना गाठलं. पत्र द्यायचं राहून गेलं. मी म्हणालो, “वस्तीत ते जोडकामाचं शिसं तव्यावर वितळवतात. जैतुनबीची नात त्याचे मणी चघळते.”

मॅडमनी हातातला डबा तसाच बंद केला. “तुम्हाला कधी कळलं?”

“आत्ताच.”

“काका, चला. आत्ताच जाऊ.”

त्यांच्या स्कूटरच्या मागं बसून मी दुसऱ्यांदा तिथं गेलो. घराला कडी होती. चूल थंड होती. शेजारची बाई म्हणाली, “पोरीले परवा झटके आले. सरकारी दवाखान्यात हायेत.”

सायमा वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर होती. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मोजे काढून उशाशी ठेवले होते. मॅडम सरळ डॉक्टरांकडे गेल्या आणि बराच वेळ बोलल्या. डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोरीच्या हिरड्या पुन्हा पाहिल्या आणि रक्त नागपूरला पाठवलं. अहवाल यायला नऊ दिवस लागले. मी रोज जायचो. नलू डब्यात मऊ भात द्यायची. मी तो जैतुनबीच्या हातात देऊन बाकावर बसायचो. ती एकदा म्हणाली, “लेकीले काय सांगू, गुर्जी? चांगली करून दे म्हने.” दुसऱ्यांदा म्हणाली, “तुमी रोज येता. आमचा बशीर एक डाव नाही आला.”

अहवाल आला त्या दिवशी मॅडमही होत्या. डॉक्टरनं कागद पाहिला आणि म्हणाला, “लेड आहे रक्तात. खूप आहे. औषध सुरू करू. मुलगी वाचेल. पण मेंदूवर किती परिणाम झालाय ते आता नाही सांगता येणार.”

जैतुनबी माझ्याकडे वळली. “लेड म्हंजे काय, गुर्जी?”

“रांग्यात असतं ते,” मी म्हणालो.

“रांग्यात?”

तिनं आपले हात पालथे करून पाहिले, मग उताणे. मी वाट पाहत होतो. आता ती विचारेल, की मग कागदावर रांगा असं का नाही लिवलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या बाकावर बसून नऊ दिवसांत मी ते तयार केलं होतं आणि या वेळी मला ते सांगता येणार होतं.

तिनं मला विचारलं नाही. माझ्याकडे हात करून ती डॉक्टरला म्हणाली, “साहेब, यायनं सांगितलं होतं मले. मणी तोंडात घालू देऊ नको म्हून. घरी येऊन सांगून गेले. मीच नाही आयकलं.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगितलं होतं, काका?”

शब्दानं पाहिलं तर ते खरं होतं.

“हो,” मी म्हणालो.

डॉक्टर जैतुनबीकडे वळला आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागला. शिकलेली माणसं सांगतात ते ऐकावं, असं काहीतरी. ती मान खाली घालून हो हो म्हणत होती.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी त्यात ‘शिशाचे’ खोडून ‘जोडकामातला रांगा’ असं लिहून दिलं. “हे चांगलं केलंत,” मॅडम म्हणाल्या. “लोकांना सोपं जाईल.” पाण्यात शिसं उतरेल म्हणून विहिरीजवळचा तो हातपंप पुढं चार वर्षांनी बंद झाला, तोही मॅडमनीच सतत अर्ज करून. विहिरीतली काच अजून तिथंच आहे. काढायची कोणी आणि टाकायची कुठं, हे ठरत नाही.

सायमा वाचली. आई-बाप आले, रडले, जैतुनबीला नको नको ते बोलले आणि पोरीला तिच्याजवळच ठेवून परत गेले, कारण दुसरी सोय नव्हती. पोरगी चालायला लागली, खायला लागली, पण तोंड सारखं चालू असायचं ते पुन्हा कधी झालं नाही. एक वाक्य जुळवायला तिला वेळ लागायचा. शाळेत तिसरीपर्यंत गेली. तिसरीत तीन वर्षं काढली आणि मग गेली नाही. तिच्या आजीनं चूल बंद केली आणि फक्त कागद उचलायला लागली. रुळापलीकडे कोणी पाटी तापवताना दिसलं की ती तिथं जाऊन भांडायची. माझं नाव घेऊन भांडायची, असं मी ऐकलं. जैतुनबी गेली त्याला आता पाच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा खोलीत इतर माणसं होती. नसती तरी मी बोललो असतो की नाही, मला सांगता येत नाही.

आता रद्दी न्यायला सायमा येते. सोळा-सतरा वर्षांची आहे. ताकद चांगली आहे तिच्यात, गठ्ठे एका हातानं उचलते. वजनकाट्याचं माप नलू वाचून सांगते. गेल्या महिन्यात ती आली तेव्हा शेजारच्या घरात नवीन आलेल्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, “शिकत नाहीस का गं तू? या वयात कॉलेजात पाहिजेस.”

सायमा थांबली. शब्द गोळा करायला तिला लागतो तेवढा वेळ तिनं घेतला. मग माझ्याकडे हात करून हसत म्हणाली, “यायचं आयकलं असतं, तं शिकली असती. दादी म्हने. यायनं सांगितलं होतं तिले.”

त्या बाईंनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी रद्दीच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होतो.

“घट्ट बांधा,” सायमा म्हणाली. “सुटते.”

मी घट्ट बांधली.